फुटबॉलचं वेड आणि सॉफ्टवेअरची नोकरी: दोन्ही एका माणसात मावतं का?

पेठेतला हाफ | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय, कारण दोन रात्री झोप नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठ. गांधी मैदानावर अनवाणी खेळत मोठा झालो. आमच्याकडे फुटबॉल शाळेपेक्षा तालमीत जास्त रुजतो. तालीम मुळात कुस्तीची, पण पेठापेठांतल्या तालमींच्या आपापल्या टीम असतात आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्ली ओस पडते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी तालमीकडून हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो. मग कॅम्पसमधून नोकरी लागली, पुण्याला आलो आणि बूट माळ्यावर गेले.

आज वय ३१. हिंजवडीत बॅकएंडचं काम, पगार चांगला. घरी बायको, दीड वर्षाची मुलगी आणि फ्लॅटचा हप्ता. आठवड्यातून एकदा टर्फवर पाच-पाच जणांत खेळतो, तेही अमेरिकेचा कॉल आडवा आला नाही तर. चॅम्पियन्स लीग बघायची तर रात्री साडेबारा नाहीतर दीड, आणि सकाळी साडेनऊला ऑफिसची स्टँडअप मीटिंग.

आता मुद्दा. फुटबॉलचा डेटा गोळा करून क्लबांना देणाऱ्या एका कंपनीची ऑफर आलीय. काम माझ्याच प्रकारचं, डेटा पाइपलाइनचं. पगार मात्र आत्ताच्या साधारण निम्मा. बायको म्हणते, "तुला खरंच हवं असेल तर आपण भागवू." तिच्या या वाक्यानेच जास्त अडकलोय.

ज्यांनी हे केलंय, करायचं टाळलंय किंवा करून परत आलेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

मंगळवारकर | शनिवार, रात्री ११:५२

भावा, मी पाटाकडील तालमीचा, म्हणजे तुमच्या विरोधातला. हंगामात तुझ्याशी बोलणार न्हाई, आत्ता बोलतो. पहिलं काम, ते बूट माळ्यावरनं खाली काढ. बाकीचं उद्या बघू.

पेठेतला हाफ | शनिवार, रात्री ११:५५

काढले. सोल सुटलाय.

मंगळवारकर | शनिवार, रात्री ११:५६

मग बारा वाजायच्या आत नवीन मागव, सेल आज संपतोय.

डेटाकाम | रविवार, सकाळी ९:१५

मी अशा एका कंपनीत तीन वर्षं काढलीत. नाव विचारू नका, पण काम कसं चालतं ते सांगतो, कारण बाहेरून ते फार वेगळं दिसतं.

मॅचचा डेटा म्हणजे नुसता स्कोअर आणि कार्डं नव्हेत. प्रत्येक पास, टॅकल, थ्रो-इन, शॉट, प्रत्येक गोष्ट वेळ आणि मैदानावरच्या जागेसकट नोंदवली जाते. एका मॅचच्या तीन हजारांच्या वर नोंदी सहज होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा अजूनही माणसं व्हिडिओ बघून करतात. दुसरा प्रकार ट्रॅकिंगचा. कॅमेरे सेकंदाला २५ वेळा प्रत्येक खेळाडूची जागा टिपतात. गणित करून बघा: ९० मिनिटांच्या १,३५,००० फ्रेम, प्रत्येकीत २२ खेळाडू आणि एक बॉल, म्हणजे एका मॅचमागे ३१ लाखांवर बिंदू. हे सगळं वाहून नेणारे नळ तू बसवणार.

आता वेळेचं. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला मॅचेस सुरू होतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ. बऱ्याच एकदम. आठवडाभर शांत असलेला सर्व्हर त्या दोन तासांत ऊर फुटेस्तोवर धावतो. तीन वर्षांत माझा एकही शनिवार मोकळा गेला नाही. सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला सांगू? गोल झाला की माझी नजर जाळ्याकडे न जाता मॉनिटरवर जायची, नोंद आली का बघायला. माझ्या आवडत्या टीमने शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली आणि मी लेटन्सीचा, म्हणजे नोंद पोचायला किती उशीर होतोय त्याचा, आलेख बघत होतो. त्या रात्री राजीनामा लिहिला.

पण हेही खरं की तिथली माणसं मला परत कुठे मिळाली नाहीत. जेवताना ऑफसाइडच्या सापळ्यावर तासभर वाद. नळ बसवण्यातच तुला आनंद असेल तर जा. फुटबॉलच्या जवळ जायचं म्हणून जाऊ नकोस. मैदान तिथूनही तितकंच लांब आहे.

थर्ड इयर | रविवार, सकाळी ९:४०

डेटाकाम सर, राजीनाम्याचं वाचून काटा आला. तरीही मला हेच काम करायचंय! नंतर एक प्रश्न विचारतो, आधी धागाकर्त्यांचं होऊ दे.

राइनकाठचा | रविवार, दुपारी १:२०

जर्मनीतून लिहितोय, कोलोनजवळून. मूळ सांगलीचा. विम्याचं सॉफ्टवेअर लिहितो आणि दर रविवारी फुटबॉल खेळतो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही आणि मला त्यातच सुख आहे.

इथे फुटबॉल फेराइनमध्ये खेळतात, म्हणजे सभासदांची नोंदणीकृत मंडळी. देशभरात असे चोवीस हजारांच्या आसपास क्लब आहेत. अगदी खालच्या क्राइसलिगात, म्हणजे जिल्हा पातळीच्या लीगमध्ये, माझ्यासारखा पस्तिशीचा परदेशीही अधिकृत खेळाडू असतो. ओळखपत्र, रेफ्री, निळ्या छपाईचं वेळापत्रक, सगळं रीतसर. माझा गोलकीपर सुतार आहे, सेंटर बॅक शाळामास्तर. जर्सी धुवायची पाळी महिन्यातून एकदा येते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातला सराव असतो, आणि माझ्या कॅलेंडरवर त्या वेळेला कुलूप आहे. मॅनेजरने एकदा मीटिंग टाकली. "माझा सराव आहे," एवढंच कळवलं. मीटिंग दुसऱ्या दिवशी झाली.

पेठेतला हाफ, तुझं दुखणं पगाराचं किंवा नोकरीचं नाही असं मला वाटतं. तुला टीम नाहीये. टर्फवर दर आठवड्याला वेगळे दहा जण जमतात, हारजीत दारातच विसरतात. तालमीत तसं नव्हतं ना?

पेठेतला हाफ | रविवार, दुपारी १:४५

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. नव्हतं तसं. हरलो तर तीन दिवस चौकात जायची सोय नसायची.

अण्णा माहीमकर | रविवार, संध्याकाळी ५:०५

मी बँकेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, पण नोकरी आणि फुटबॉल एकत्र हे तुम्हाला नवं वाटतंय म्हणून लिहितो.

आमच्या मुंबईत ते एकत्रच होतं. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे, बँका, सगळ्यांच्या टीम. चांगला खेळणारा मुलगा दिसला की कंपनी त्याला नोकरीवर घ्यायची. सकाळी सराव, मग ऑफिसात हजेरी, मॅचच्या दिवशी सुटी. कूपरेजवर रोव्हर्स कप असायचा. १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा ती. ऑफिस सुटलं की आम्ही पळत तिकिटाच्या रांगेत. समोर खेळणारा माणूस सकाळी आपल्याच काउंटरवर पासबुक भरत होता, ही गंमत आजच्या पोरांना सांगून समजायची नाही.

त्या पोरांना दोन्हींतून एक निवडावं लागलं नाही, कारण पगार देणाऱ्याला आपल्या नावाची टीम जिंकायला हवी होती. तुमच्या आयटी कंपन्यांत हजारो तरुण आहेत, कॅम्पसात हिरवळ आहे. टीम का नाही?

बेटा, हप्त्याचं मात्र बघ. मुलगी दीड वर्षाची आहे. किमान वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय निम्म्या पगारावर जाऊ नकोस. हा धंदाही भरवशाचा नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम लांबणीवर पडला तेव्हा काही क्लबांनी कामकाजच थांबवलं. खेळाडूंचे पगार अडकतात तिथे डेटावाल्यांना कोण विचारतो?

मडगांवचो | रविवार, संध्याकाळी ६:३०

अण्णांना दंडवत. आमच्या गोव्यात तेच खाणवाल्यांनी केलं. धेंपो, साळगांवकर. धेंपोने तर पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. २०१६ मध्ये धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा आमच्या घरी बाबा जेवले नाहीत. फातोर्ड्याला मी त्यांच्या खांद्यावर बसून मॅचेस बघितल्यात.

मी पणजीत वेब डेव्हलपर आहे आणि गावच्या क्लबची नोंदणी बघतो. फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर प्रत्येक मुलाची कागदपत्रं चढवावी लागतात. जन्मदाखला, फोटो, आधीच्या क्लबची ना हरकत. मुदत संपायच्या रात्री बारा वर्षांच्या पोराचा दाखला धूसर आला म्हणून अर्ज परत येतो आणि त्याचा अख्खा हंगाम जातो. मी एक छोटं स्क्रिप्ट लिहिलंय, फोटोचा आकार आणि फाइल आधीच तपासतं. चाळीस ओळी. गेल्या वर्षी आमचा एकही अर्ज परत आला नाही. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीतल्या कुठल्याही रिलीजपेक्षा मला याचा अभिमान जास्त आहे.

मंगळवारकर | रविवार, संध्याकाळी ६:४१

ह्याला म्हणायचं असिस्ट. नाद खुळा.

चाचणीवाली | रविवार, रात्री ८:५०

मी टेस्टर आहे आणि फुटबॉल माझ्या कामाचा शिक्षक आहे, म्हणून हा धागा सोडवेना.

१७ जून २०२०, अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफिल्ड युनायटेड. लॉकडाऊननंतर प्रीमियर लीग सुरू झाली ती याच मॅचने. फ्री किकवर व्हिलाच्या गोलकीपरने बॉल पकडला आणि तोल जाऊन बॉलसकट रेषेच्या आत गेला. जगाला दिसलं. रेफ्रीच्या घड्याळात मात्र गोलची आपोआप येणारी सूचना आलीच नाही, कारण गोलरेषेवर नजर ठेवणारे सातही कॅमेरे खेळाडूंनी आणि गोलच्या खांबाने झाकले गेले होते. मॅच ०-० सुटली. ही यंत्रणा बनवणाऱ्या हॉक-आय कंपनीने नंतर माफी मागितली आणि सांगितलं की ही यंत्रणा वापरलेल्या नऊ हजारांवर मॅचेसमध्ये असं झाकलं जाणं कधी झालंच नव्हतं.

माझ्या टीममध्ये नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्या दिवशी हा व्हिडिओ दाखवते. "असं कधी होत नाही" हे वाक्य कुणी मीटिंगमध्ये म्हटलं की आमच्याकडे आता फक्त "शेफिल्ड" म्हणतात आणि सगळे परत चाचणीला बसतात.

२०२२ च्या वर्ल्ड कपमधलं ऑफसाइडचं तंत्रही असंच वाचून काढलं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. आणि बॉलच्या पोटात सेन्सर, सेकंदाला ५०० वेळा, कारण लाथ नेमकी कधी बसली हा क्षण कॅमेऱ्याला पकडता येत नाही. दोन घड्याळं जुळवायचा हा प्रश्न आमच्या पेमेंट सिस्टिममध्येही जसाच्या तसा आहे. मी तो बॉलवरून समजून घेतला.

तेव्हा पेठेतला हाफ, नोकरी न बदलताही फुटबॉल कामात येतो. कुणी अडवत नाही.

एक वेगळी गोष्टही लिहिते. लहानपणी माझ्या गावात मुलींची टीम नव्हती. मी मुलांच्यात बाजूला उभी राहून बॉल आणून द्यायचे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप नवी मुंबईत आला तेव्हा रजा टाकून गेले होते. तिथे शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी स्वतःच्या नावाची जर्सी घालून बसली होती. मॅच कोणाची होती ते विसरले, ती पाठीवरची अक्षरं विसरले नाही.

डेटाकाम | रविवार, रात्री ९:३०

चाचणीवाली, या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली.

राइनकाठचा, "टीम नाहीये" हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या राजीनाम्यानंतर मला बरं कशामुळे वाटलं ते आता कळतंय. शेजारच्या सोसायटीतल्या पोरांना शिकवायला लागलो होतो.

गुडघेतज्ज्ञ | सोमवार, सकाळी ७:१०

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. या धाग्यावरचे निम्मे वाचक कधीतरी माझ्या टेबलावर येणार म्हणून सांगते.

पाच दिवस नऊ-नऊ तास खुर्चीत आणि सहाव्या दिवशी थेट कृत्रिम टर्फवर पूर्ण वेगात वळण. लिगामेंट असंच तुटतं, बहुतेक वेळा समोर कुणी नसताना. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला किमान नऊ महिने धरा. ते टाळायचं तर फिफाने तयार करून घेतलेला ११+ नावाचा सराव करा. १५ व्यायाम, सवय झाली की २० मिनिटं, मैदान आणि बॉल याशिवाय काही लागत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम त्यात आहे, तो वगळू नका, सगळे तोच वगळतात.

आणि हाफ, तू दहा वर्षांनी बूट घालतोयस. पहिले सहा आठवडे टॅकल नको.

मंगळवारकर | सोमवार, सकाळी ७:३०

शिवाजी पेठेच्या माणसाला टॅकल करू नको सांगताय ताई? त्यापेक्षा मिसळीत कट घेऊ नको म्हणा.

थर्ड इयर | सोमवार, दुपारी २:००

आता माझा प्रश्न. मला पायथन येतं, लिव्हरपूलचा चाहता आहे. इयान ग्रॅहम केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी करून लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले, विल स्पीअरमन सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करून तिथे आले. माझ्या कॉलेजातून तिकडे जायचा रस्ता आहे का? डेटा विकत घ्यायला पैसे नाहीत.

डेटाकाम | सोमवार, रात्री १०:२०

पैसे लागत नाहीत. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीने गिटहबवर बराच डेटा मोफत ठेवलाय. मेस्सीच्या ला लिगातल्या मॅचेस, पुरुषांचे आणि महिलांचे वर्ल्ड कप, सगळं जेसन फाइलींमध्ये. मेट्रिका स्पोर्ट्सने ट्रॅकिंगच्या नमुन्याच्या मॅचेस दिल्यात. मैदान काढायला एमपीएलसॉकर नावाची लायब्ररी आहे, दहा ओळींत मैदानावर शॉट दिसायला लागतात.

पहिलं काम एक्सजीचं मॉडेल. एखाद्या जागेवरून घेतलेला शॉट गोल होण्याची शक्यता किती, एवढंच. अंतर आणि कोन या दोन गोष्टींवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालव. पेनल्टी वेगळी काढ, ती पाऊण गोलाच्या जरा वर येते आणि बाकीचं मॉडेल बिघडवते. मग हेडर वेगळे करून बघ. तेवढ्याच अंतरावरून डोक्याने मारलेला बॉल पायाच्या मानाने किती कमी वेळा आत जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघशील तेव्हा क्रॉसवर जगणाऱ्या टीमबद्दल तुझं मत बदलेल.

आणि रोबोकप बघ. १९९७ पासून चालू आहे. त्यातल्या द्विमितीय सिम्युलेशन लीगमध्ये रोबो लागत नाही, नुसता प्रोग्राम. अकरा खेळाडू म्हणजे अकरा स्वतंत्र प्रोग्राम, प्रत्येकाला फक्त आपल्याला दिसतं तेवढंच कळतं, तेही गोंगाटासकट. एकमेकांवर विश्वास ठेवून पास द्यायला प्रोग्रामला शिकवणं किती अवघड आहे ते कळलं की मैदानावर दोघांत होणाऱ्या साध्या वन-टू पासला तू उभा राहून टाळ्या वाजवशील.

रस्ता आहे का म्हणशील तर अरुंद आहे. पण तीन मॉडेलं लिहून लोकांसमोर ठेवणारा मुलगा आणि नुसता अर्ज करणारा मुलगा, आम्ही नेहमी पहिल्याला बोलावलं.

अण्णा माहीमकर | मंगळवार, सकाळी १०:००

मला सगळं कळलं नाही, पण हेडरचं पटलं. आम्ही ते कूपरेजच्या कठड्यावर बसून ओरडून सांगायचो.

राइनकाठचा | मंगळवार, रात्री ११:१५

धागाकर्ते कुठे गायब?

पेठेतला हाफ | साडेतीन महिन्यांनंतर, रविवार, रात्री ९:००

मंडळी, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले होते, बायकोनेही वाचले.

ऑफर नाकारली. अण्णांचं गणित आम्ही रात्री कागदावर मांडलं आणि आमच्याकडे चार महिन्यांचाच खर्च बाजूला निघाला. शिवाय डेटाकामचा तो शनिवारच्या रात्रींबद्दलचा परिच्छेद डोक्यातून गेला नाही.

पण राइनकाठचा बरोबर होता. पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरला गेलो आणि तालमीत जाऊन बसलो. माझ्या वेळचा आमचा बॅक आता कोच आहे. त्याला म्हटलं, मॅचच्या नोंदी करून देतो. तो हसला, म्हणाला, "कर की." लॅपटॉपवर एक साधा स्क्रीन बनवला: मैदानाचं चित्र, बोटाने जागा दाबायची, खाली सहा बटणं. सध्या पंधरवड्याला शनिवारी पहाटेची गाडी पकडून जातो. मॅनेजरला स्पष्ट सांगितलंय की त्या दोन दिवसांत फोन लागणार नाही, आणि सोमवारी काम पूर्ण असतं म्हणून तो काही बोलत नाही.

पहिल्या तीन मॅचेसमध्ये एकच गोष्ट उठून दिसली. आपल्या अर्ध्यातले डावीकडचे थ्रो-इन आम्ही सतत गमावत होतो. सगळ्यांना वाटायचं डावा बॅक कमकुवत आहे, त्याला प्रेक्षकांतून शिव्याही बसायच्या. चित्रावर ठिपके पाहिले तर बॉल घ्यायला कुणी येतच नव्हतं, हाफ दोघेही पुढे निघून गेलेले. कोचने ठिपके बघितले, बराच वेळ बघितले, आणि मग त्या पोराला हाक मारली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी चूक न्हवती रं." पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. दिवसभर गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करून सरावाला येतं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

ताईंचे पंधरा व्यायाम दीड महिन्यापासून टीमला चालू आहेत, मी शेवटच्या रांगेत उभा राहून करतो. टॅकल अजून केलेली नाही.

आता कामाचं. पुढच्या रविवारी शाहू स्टेडियमवर दुपारी चारची मॅच आहे. एकट्याला दोन्ही टीमच्या नोंदी झेपत नाहीत, मान खाली घातली की बॉल निघून जातो. समोरच्या टीमसाठी कुणीतरी हवंय. थर्ड इयर, तू कुठे असतोस?

थर्ड इयर | रविवार, रात्री ९:०४

इचलकरंजी! तीन वाजता गेटवर येतो.

मंगळवारकर | रविवार, रात्री ९:०६

समोरची टीम कोण हाय ते बघितलंस का? आमची हाय. पोराला दोन्ही बाजूंच्या नोंदी खऱ्या लिहायला सांग. मी मागच्याच पायरीवर बसतोय, भडंग घेऊन.